पंचनाम्याआधी झाडलेलं अंगण

मे महिना उतरणीला लागला की आमच्याकडे आगोटीची धांदल उडते. आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. पुढचे चार महिने होड्या वर ओढलेल्या, खाडी गढूळ, रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. म्हणून तांदूळ, मीठ, मिरच्या, आमसुलं, चिंच, सुकट, बोंबील आणि सुकी लाकडं असं सगळं पाऊस टेकायच्या आत घरात यावं लागतं. मुंबईहून आलेले पाहुणे सुक्या मासळीच्या वासाने नाक मुरडतात आणि जाताना त्याच मासळीची पिशवी मागून नेतात. मला हा वास आवडतो. आपलं घर आता चार महिने कोणाच्या तोंडाकडे बघणार नाही, असं तो सांगत असतो.

यंदा अंगणात मिरच्या उलटत होते, तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन किंचाळला. एकाच वेळी अख्ख्या वाडीतले फोन किंचाळले. कोंबड्या कुंपणावर चढल्या, म्हातारे दारात आले. बघते तर सरकारचा संदेश, की ही फक्त चाचणी आहे, घाबरू नका. आधी माणसाच्या काळजाचं पाणी करायचं आणि मग घाबरू नका म्हणून सांगायचं, ही खास सरकारी माया. मी फोन बंद केला, पण हात काही केल्या मिरच्यांकडे वळेना. वादळाचं ते वर्ष डोळ्यांपुढे आलं होतं.

त्या वादळाला कोणी तरी नाव दिलं होतं. टीव्हीवर ते नाव फार कौतुकाने घेत. आमच्याकडे ते कोणाच्या तोंडी बसलं नाही. आम्ही नुसतं 'वादळ' म्हणतो आणि कोणतं ते कोणी विचारत नाही.

आमची बौद्धवाडी दिघीच्या खाडीपासून थोडी आत, गावाच्या वरच्या अंगाला आहे. खाली गाव, गावाभोवती माडा-पोफळीच्या बागा, मग शेतं, आणि मग उतारावर आम्ही. मी इथेच वाढले आणि खालच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शेजारचं घर भागाकाकीचं. माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची ही बायको. काका जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन पनवेलला गेली, काकी एकटी राहते आणि एकटी राहते म्हणून कोणी हळहळलं तर त्याला चहा न देता वाटेला लावते.

काकीचं अंगण बघावं. सकाळी उजाडायच्या आत झाडून सडा टाकलेला असतो. पानगळीत ती दिवसातून तीनदा झाडते. एकट्या काकीचं कशाला, सगळ्या वाडीचंच हे वेड. याला कारण माझे आजोबा आणि त्यांच्या बरोबरीची माणसं. त्यांनी दीक्षा घेतली, मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं आणि त्याच दमात वाडीला एक नियम घालून दिला, की बाहेरच्या माणसाने इथे पाय ठेवला तर त्याला बोट दाखवायला जागा सापडता कामा नये. कारण बोट दाखवणारे पुष्कळ होते. 'त्यांची वस्ती तसलीच' हे वाक्य ऐकत ती पिढी मोठी झाली होती. त्यावर त्यांनी कोणाशी वाद घातला नाही, हातात झाडू घेतला. तेव्हापासून आमच्या वाडीत पाहुणा येणार म्हटलं की आधी झाडू निघतो आणि मग चुलीवर आधण चढतं.

वादळाच्या आदल्या संध्याकाळी भोंगा लावलेली जीप फिरली. कच्च्या घरातल्यांनी शाळेत यावं, मौल्यवान वस्तू सोबत घ्याव्या. काकीने विचारलं, "मौल्यवान म्हंजे काय गो?" मी म्हटलं, सोनंनाणं, कागदपत्रं. तिने विहारातून बाबासाहेबांची तसबीर आणि घरातून आमसुलांची बरणी घेतली. सकाळी आम्ही सगळे माझ्याच वर्गात होतो. टाळेबंदीचे दिवस. तोंडाला पट्टी बांधा, अंतर ठेवून बसा, असं फळ्यावर लिहिलेलं. आधी त्या नियमाला मान देऊन सगळे लांब लांब बसले. दुपारी वाऱ्याने पहिली कौलं उचलली, तशी सगळी माणसं एकमेकांना चिकटली. त्या आवाजाचं वर्णन मला जमत नाही. मुलं रडत होती, पण नुसती तोंडं उघडी दिसत, ऐकू काही येत नव्हतं.

वारा थांबल्यावर बाहेर आलो तर आभाळ फार मोठं दिसलं. माडच उरले नव्हते. पोफळी मोडून एकीवर एक पडल्या होत्या. ज्या बागांच्या सावलीतून आम्ही रोज जात होतो तिथे ऊन पडलं होतं, आणि ते ऊन बघून खालच्या गावातला एक बागायतदार रस्त्यात बसून लहान पोरासारखा रडला. त्या दिवशी वर-खाली काही उरलं नव्हतं. आमच्या वाडीतले पुरुष कोयत्या घेऊन गेले आणि गावातल्यांच्या खांद्याला खांदा लावून रस्त्यावरचे माड तोडत राहिले. रस्ता कोणी मोकळा केला असं पुढे विचारलं गेलं, तेव्हा वर्तमानपत्रात 'प्रशासनाने' असं आलं. प्रशासन त्याच मोकळ्या रस्त्यावरून दोन दिवसांनी आलं. ते वाचून मला हसू आलं होतं, आता आठवून राग येतो.

काकीचं निम्मं छप्पर गेलं होतं आणि मागची भिंत बसली होती. माळ्यावरची आगोट अंगणभर झाली होती. तांदूळ चिखलात, सुकट भिजून फुगलेली, मिरच्या शेजारच्या शेतात. काकी उंबऱ्यावर उभी राहून बघत राहिली. रडली नाही. "झाडू कुटं गेला?" एवढंच म्हणाली. झाडूही उडून गेला होता.

मग कळलं की साहेब लोक पंचनाम्याला येणार आहेत, घरोघर फिरून नुकसान लिहून नेणार आहेत. खालच्या गावाने हे ऐकून हात थांबवले. पडलेलं तसंच ठेवलं. त्यांचंही चूक नव्हतं. त्यांच्यात सरकारी नोकरीतली माणसं, त्यांना रीत ठाऊक. आणि आमच्या वाडीने काय करावं? साहेब येणार, म्हणजे पाहुणे येणार! बायकांनी माडाच्या हिरांचे नवे झाडू बांधले. भिजलेलं धान्य उचललं, चिखल ओढला. बागांतून पडलेल्या झावळ्या आणून पुरुषांनी रातोरात झाप विणले आणि उघड्या वाशांवर घातले. काकीने पडल्या भिंतीची माती भिजवून पुढचा ओटा नवा केला, सारवला. भिंतीच्या भगदाडाला आतून धुतलेलं लुगडं लावलं, कसं छान पडद्यासारखं. आणि फुटक्या कौलांचं काय करायचं? वाडीकडे येणारी पायवाट चिखलाची. साहेबांचे पाय बरबटतील. म्हणून सगळ्या घरांची फुटकी कौलं वाटेवर पसरून बायकांनी ती लाकडी चोपण्याने ठोकून बसवली. मीही ठोकत होते. शिकलेली बाई मी, पण त्या वेळी मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. आपलं नुकसान आपण कुटून त्याचा रस्ता करतोय, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही.

साहेब आले. त्या लाल वाटेवरून बूट न भिजवता आले. त्यांना बरीच गावं उरकायची होती, घामाने ते भिजले होते, त्यांचा मला राग नाही. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि मनापासून म्हणाले, "वा, तुमची वाडी किती स्वच्छ आहे! वादळ इकडे आलंच नाही जणू." काकी इतकी खूश झाली! आजोबांचा नियम फळाला आला होता. तिने त्यांना आमसुलाचं सरबत दिलं. ते प्यायले, पेला परत दिला आणि खाली उतरले.

पुढे ग्रामसेवक भाऊसाहेबाकडून समजलं की आमच्या वाडीला किरकोळ नुकसान असं लिहिलं गेलं आहे. किरकोळाला छप्पर मिळत नाही.

आता खरा प्रश्न उभा राहिला. झाप मिरगाचा पाऊस झेलतील, आषाढाचा नाही. कुजतात. काकीला छप्पर मिळालं नाही तर तिला शाळेतल्या निवाऱ्यात तरी राहायला लागणार होतं, नाही तर लेकीच्या घरी पनवेलला. जावयाच्या दोन खोल्यांत टाळेबंदीत आधीच पाच माणसं. लेक फोनवर ये म्हणायची आणि मागून जावई काही म्हणायचा नाही. काकीला ते न म्हणणं ऐकू यायचं. "एकदा का मी घर सोडलं तर त्या घरात पुन्हा दिवा लागायचा न्हाय," ती मला म्हणाली, "बंद घर वाळवी खाते, आनि मला ते पनवेल खाईल."

भाऊसाहेब तसा चांगला माणूस. एक दिवस येऊन हळू आवाजात म्हणाला, "काकी, असं करा. वरचे झाप काढा. वाटेवरची थोडी कौलं उकरून अंगणात टाका. तो पडदा काढा. मी फोटो काढून तालुक्याला पाठवतो. जमलं तर बघू."

काकी ओटा सारवत होती. तिने मान वर केली नाही. "म्हंजे घर पुन्हा पाडू?"

"पाडायचं नाही हो, दाखवायचं."

"पयलं वाऱ्यानं पाडलान. त्याला अक्कल न्हाय, वारा हाय तो. आता मी माझ्या हातानं पाडू व्हय? तुमच्या फोटूसाठी?"

भाऊसाहेबाने माझ्याकडे बघितलं. तुम्ही तरी समजवा, अशा अर्थाने. खरं सांगायचं तर मला त्याचं म्हणणं पटत होतं. चार कौलं टाकली तर काय बिघडतं, असं मनात आलं होतं. पण काकीच्या हाताखाली तो ओला ओटा होता आणि तिची बोटं त्यावर अर्धगोल काढत होती. तोंडच उघडलं नाही.

मदतीच्या गाड्याही त्याच दिवसांत आल्या. मी कृतघ्न नाही. तुटक्या रस्त्यांवरून, रोगाच्या भीतीत, घरदार सोडून लांबून माणसं आली. विजेचे खांब उभे करायला परजिल्ह्यातले वायरमन आले होते, ते शाळेत झोपायचे, आमच्याकडची तांदळाची भाकरी खायचे आणि चिंब पावसात खांबावर चढायचे. त्यांचं ऋण फिटायचं नाही. पण गाड्या थांबायच्या नाक्यावर. नाक्यावरून बातमी आमच्या कानावर येईपर्यंत निम्मी गाडी रिकामी. उरलेल्यात जूनच्या उकाड्यात लोकरी ब्लँकेटं आणि दोन मिनिटांत होणाऱ्या शेवयांची पाकिटं. ज्या बायकांनी माळ्यावर चार महिन्यांचं अन्न रचून ठेवलं होतं, त्यांच्या हातात पाकीट ठेवून वर ते कसं उकळायचं हे सांगायचे.

एका संस्थेचा जाकीट घातलेला तरुण मात्र वाडीपर्यंत चालत आला. बोलायला गोड. ते पत्रे देणार होते. पण पत्रे देण्याआधीचा एक फोटो लागतो म्हणाला. त्याने काकीला भगदाडापाशी बसायला सांगितलं. काकी केस नीट करून, धुतलेल्या लुगड्याचा पदर घेऊन ताठ बसली.

"आजी, जरा... दुःखी दिसा ना."

"कशापायी?"

"पैसे देणारे लोक फोटो बघतात. त्यांना कळायला पाहिजे."

"त्यांना हितं धाड. मी सांगते त्यांना काय झालंय ते. तोंड वाकडं करून न्हाय सांगनार."

त्याने आणखी एकदा विनवलं. काकीने उठून त्याला जेवून जा म्हणून सांगितलं. तो जेवलाही. पत्रे काही आले नाहीत. त्याचं नाव मी विसरले, पण त्याने जेवताना खाली घातलेली मान आठवते.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली आहे. सरकारला आम्ही पडलेले दिसायला हवे असतो, मदत देणाऱ्यांना रडताना. दोघांचंही मन वाईट नसतं. पण त्यांच्या यायला उशीर होतो, आणि तोवर आम्ही जमिनीवर पडून, डोळे ओले ठेवून वाट बघावी, अशी दोघांची अपेक्षा. जो धडपडून उठला त्याला काही झालंच नव्हतं! ज्यांची अख्खी पिढी उठून उभं राहायला शिकण्यात गेली, त्यांना आता कोणी सांगावं, की जरा वेळ आडवे व्हा, नीट दिसत नाही?

आषाढ लागला. काकी आणि मी तालुक्याला गेलो. तिथल्या कचेरीत एका साहेबांनी शांतपणे सांगितलं, की पुन्हा पंचनामा करायचा तर नुकसान दिसलं पाहिजे. काकी म्हणाली, "दिसंल की. च्या प्यायला या."

आल्या त्या तलाठी मॅडम. नव्या, तरुण, मराठवाड्यातून बदलून आलेल्या. इकडचा पाऊस त्यांनी पहिल्यांदाच बघितला असावा, कारण छत्री उलटी झाल्यावर त्या एकदम घाबरल्या. बरोबर भाऊसाहेब. काकीने सकाळपासून झाडलं होतं, सारवलं होतं. झाप तेव्हा पार कुजले होते आणि घरात गळतीखाली रोज पातेली, टोप, डबे मांडलेले असायचे. पाहुणे येणार म्हणून तिने ती सगळी भांडी उचलून, घासून फळीवर लावली. घरात भांडी पसरलेली बरी दिसत नाहीत ना! हे तिने मुद्दाम केलं की सवयीने, मी कधी विचारलं नाही.

कोरडी दिसली ती जागा बघून चटई घातली, पाहुणे बसले आणि आभाळ फाटलं. आधी एक धार भाऊसाहेबाच्या मानेत. तो सरकला तर दुसरी खांद्यावर. मॅडमच्या चहात टपटप सुरू झालं. त्यांनी कप हाताने झाकला. हातावरून पाणी कोपरापर्यंत आलं. काकी समोर बसून पदराने तोंड पुसत, जसं काही घडतच नव्हतं तसं बोलत राहिली. पनवेलची लेक, मॅडमचं गाव, मराठवाड्यात पाणी कमी ना हो, असं सगळं.

भाऊसाहेब उठायला लागला. "बसा हो," काकी म्हणाली, "च्या अर्धा टाकून उठू न्हाय."

"काकी, पाणी येतंय."

"रोज येते. आमी बसतो की."

मागच्या भगदाडावरचं लुगडं वाऱ्याने फुगलं आणि पाऊस आडवा आत शिरला. मॅडमनी वर छपराकडे आणि खाली चटईकडे बघितलं. केस गालाला चिकटलेले. मग म्हणाल्या, "तुम्ही झोपता कुठे?"

"जिथं तुमी बसलाव तिथं."

मॅडमनी तो कप ओठाला लावला. निम्मा चहा, निम्मा पाऊस, पण प्यायल्या सगळा. पिशवीतून त्यांनी कागद काढला तेव्हा काकीने त्यांचा हात धरला. "माझ्या एकटीचं नको लिवू बाय. शेजारी पन च्या टाकलाय."

आणि खरंच टाकला होता. त्या दिवशी वाडीतल्या प्रत्येक फुटक्या घरात मॅडम चटईवर बसल्या, प्रत्येक झाडलेल्या घरात भिजल्या. शेवटच्या घरी भाऊसाहेब कुडकुडत होता आणि त्याला कोणी तरी ते लोकरी ब्लँकेट पांघरायला दिलं. ते ब्लँकेट कोणाच्या उपयोगी पडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. मी दारात उभी होते आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं. अभिमानाने आलं होतं, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते.

श्रावण संपायच्या आत वाडीवर पत्रे आले. काकी पनवेलला गेली नाही. मॅडमची पुढे बदली झाली. अजून त्यांचा फोन येतो, तेव्हा त्या आधी काकीला द्या म्हणतात.

पोफळीच्या बागा मात्र अजून पुऱ्या उभ्या राहिल्या नाहीत. पोफळ धरायला वर्षं जातात. शाळेतून येताना पूर्वी सावली होती तिथे आता चालताना डोक्यावर पदर घ्यावा लागतो.

फोन किंचाळला त्याच आठवड्यात शाळेत आपत्तीबद्दल प्रशिक्षण झालं. पांढरा पडदा लावला होता, पंखा होता, बिस्किटं होती. आलेले साहेब तरुण आणि तयारीचे होते. वारा किती, समुद्र किती, कुठे जायचं, काय घ्यायचं, सगळं त्यांनी चित्रं दाखवून समजावलं. चांगलं समजावलं. शेवटी म्हणाले, "आणि एक महत्त्वाचं. वादळ गेल्यावर घाई करायची नाही. पंचनामा होईपर्यंत पडलेलं काहीही हलवायचं नाही. जसं आहे तसं राहू द्यायचं."

पुढच्या सतरंजीवरून काकी गुडघ्यावर हात देत उठली. आता तिला उठायला वेळ लागतो. सगळे थांबले.

"साहेब, तुमी कवा येनार?"

"रस्ते मोकळे झाले की लगेच. दोन दिवस, चार दिवस. परिस्थितीवर असतं."

"तोवर पोरं त्या फुटक्या कौलांत नि चिखलात निजवायची?"

"आजी, तुमच्याच फायद्यासाठी सांगतोय. नुकसान दिसलं नाही तर आम्ही लिहिणार काय?"

"ते तुमी बघा," काकी म्हणाली. "आमी तर झाडनार. वारा थांबला की झाडनार. तुमाला पडलेलं बघायचं असंल तर त्याच्या आधी या."

साहेब हसले. वाडीतली एकही बाई हसली नाही.